आज अंग काय म्हणतंय? ताकदीच्या व्यायामाचे खान्देशातले अनुभव

राम राम मंडळी. मी भुसावळचा. वय ३८, नोकरी पाळ्यांची. आठवड्यातून दोन रात्री तरी जागून निघतात. वजनं उचलायला लागून ९ वर्षं झाली. धागा काढायचं कारण माझी कंबर.

तीन वर्षांपूर्वी एक तयार वेळापत्रक हाती घेतलं होतं. रोजचं वजन त्यात टक्क्यांत लिहिलेलं. माझी डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) तेव्हा जास्तीत जास्त १२० किलोची, म्हणून सहाव्या आठवड्यातल्या गुरुवारी ८५ टक्क्यांच्या हिशोबाने १०२.५ किलो, तीन-तीन वेळा उचलायचे ४ सेट. तो गुरुवार नेमका रात्रपाळी उतरल्यावर आला. मे महिना, सकाळचे साडेनऊ, वर पत्रे असलेली जिम. वॉर्मअपचा ६० किलोचा बारच जमिनीला चिकटल्यासारखा वाटला. घामाने मूठ निसटत होती. हे सगळं मला कळत होतं. तरीही कागदावर १०२.५ होते म्हणून मी १०२.५ लावले. दुसऱ्या सेटला तिसऱ्या वेळी पाठ गोल झाली आणि कमरेत कळ गेली. पुढचे ११ दिवस माझ्या बुटाची नाडी बायकोने बांधली.

कागदाला दोष देत नाही. १२० किलो मी उचलले होते ते डिसेंबरात, पोटभर झोपून उठल्यावर. त्या गुरुवारी माझी खरी ताकद कदाचित १०५ चीच होती, आणि हे सहा आठवडे आधी छापलेल्या कागदाला कुठून कळणार? ६० च्या बारने मात्र सांगितलं होतं.

तेव्हापासून मी ‘शिल्लक’ मोजतो. सेट संपला की स्वतःला विचारायचं, अजून किती रेप्स (म्हणजे किती वेळा) नीट निघाले असते? वहीत आता वजन आधी लिहीत नाही. ‘५ रेप्स, २ शिल्लक’ एवढंच लिहितो, वजन त्या दिवशी ठरतं. कधी ८५ वर थांबतो, कधी ११० वर. कल्पना माझी नाही. मेहनत किती जाणवते याला आकडा देण्याची रीत स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी घालून दिली. त्यांची मोजपट्टी ६ ते २० अशी होती, कारण आकड्याला दहाने गुणलं की साधारण नाडीचे ठोके यावेत असा हिशोब होता. वजनं उचलणाऱ्यांत ही रीत अमेरिकन पॉवरलिफ्टर माइक टुशरर यांनी रुजवली. या रीतीने माझी डेडलिफ्ट आज १४० वर आहे, आणि कंबर शाबूत.

पण अंगाचं ऐकायचं म्हणजे नेमकं काय ऐकायचं? आळस कुठला आणि थकवा कुठला? तुम्ही कशावरून ओळखता ते लिहा. आखाड्यातले, शेतातले, भरतीची तयारी करणारे, घरच्या घरी करणाऱ्या ताया, सगळ्यांनी. चुकलेलं आधी लिहिलंत तर जास्त उपयोग होईल.

अमळनेर, वय ७१

आमचा आखाडा बोरी नदीच्या काठाला. वही वगैरे नव्हती, पण वस्तादांची नजर होती. पहाटे आम्ही पोरं यायचो तेव्हा ते दारातच उभे. कोण पाय ओढत येतोय, कोणाचे डोळे तांबारलेत, ते बघायचे. मग पहिला प्रश्न ठरलेला, ‘काल भूक लागनी का?’ ज्याची भूक मेली त्याचा जोर निम्मा करायचे. कारण तेव्हा कळलं नाही. पुढे स्वतः पोरं शिकवायला लागलो तेव्हा पटलं. मेहनत अंगाला झेपेनाशी झाली की पहिली भूक जाते, मग झोप, आणि ताकद सगळ्यात शेवटी. ताकद जायची वाट बघत बसलात तर फार उशीर झालेला असतो.

‘पोऱ्या, आज तुन्हं आंग जड शे. जोर मारू नको, माती खंद.’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल. माती खंदणं म्हणजे सुट्टी नव्हे. फावड्याने सगळा हौद उकरायचा, ढेकळं फोडायची, ताक-हळद-तेल घातलेली माती हाताने एकसारखी करायची. तासाभरात घाम निघतो, सांधे मोकळे होतात, पण दम उखडत नाही. तुमच्या भाषेत हलका दिवस. दंगलीच्या आधीचे चार दिवस जोर-बैठका निम्म्याच, बाकी मालिश.

चूक लिहा म्हणालात म्हणून लिहितो. १९ वर्षांचा होतो. टायफॉइडमधून उठून आठवडा झाला होता आणि शेजारच्या गावच्या जत्रेत दंगल होती. वस्तादांना न सांगता उतरलो. दोन मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारी आली, मातीत आडवा झालो. चितपट झाल्याचं दुःख नाही, त्यानंतर दोन महिने अंगात जीव नव्हता. वस्ताद रागावले नाहीत. घरी येऊन बसले, म्हणाले, जितके दिवस ताप, तितके दिवस नुसतं चालायचं. हा नियम मी आजपर्यंत मोडला नाही, नातवंडांनाही तोच लावतो.

चाळीसगाव, वय २६

मी उलट बाजूचा. आमच्या जिममध्ये सगळे ‘अजून एक, अजून एक’ म्हणून ओरडतात ते मला आवडायचं नाही. ‘अंगाचं ऐका’ हे कुठेतरी वाचलं आणि मनापासून पाळलं. जरा जड वाटलं की बार ठेवून द्यायचा. १४ महिने माझी बेंच (बाकावर उताणं झोपून छातीवरून बार ढकलणं) ४० किलोवर होती. १४ महिने!

एकदा मित्र मागे उभा राहिला. ४० किलोचे ८ मारले आणि म्हणालो, झालं, ३ शिल्लक असतील. तो म्हणाला, मी आहे मागे, मोजून बघू. आणखी ८ निघाले. मी अंगाचं ऐकतच नव्हतो, जळजळीला घाबरत होतो. नव्या माणसाचा अंदाज बहुतेक याच बाजूला चुकतो, स्वतःजवळ आहे त्यापेक्षा कमी शिल्लक वाटते. आणि शिल्लक जितकी जास्त तितका अंदाज कच्चा. शेवटच्या दोन-तीन रेप्सजवळ आलं की तो बराच बरोबर येतो.

आता महिन्यातून एकदा एकेका व्यायामाचा शेवटचा सेट बार निघेना होईपर्यंत मारतो. स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) आणि डेडलिफ्टला नाही, जिथे पडायची भीती नाही तिथेच, आणि बेंचला मित्र मागे असेल तरच. तेवढ्याने कान तयार होतो. बेंच सध्या ६७.५ आहे. ज्यांना वजन वाढत नाही त्यांनी आधी हे करून बघा, मग थकव्याबद्दल बोला.

नंदुरबार, वय २३

मी पोलीस भरतीची तयारी करते. आमचं गाव धडगावकडचं, इथे खोली घेऊन तिघी राहतो. भरतीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोची गोळाफेक. गोळ्यासाठी ताकद लागते म्हणून स्क्वॉट, जोर, गोळा, आणि सकाळ-संध्याकाळ धावणं.

गेल्या वर्षी डाव्या नडगीत दुखायला लागलं. आधी धावताना, मग चालताना, मग रात्री झोपेतसुद्धा. ग्राउंडवर सगळ्यांनाच कुठेतरी दुखतं. शिकवणारे म्हणाले, सहन कर, वर्दी अशीच मिळत नाही. मी पट्टी बांधून धावले. पाच आठवडे.

डॉक्टर मॅडमनी नडगीवर एक बोट दाबलं आणि मी ओरडले. हाडाला बारीक तडा होता. मग त्यांनी विचारलं, पाळी कधी आली होती? मला वाटलं हे का विचारतात. चार महिने आली नव्हती. मला तर बरंच वाटलं होतं, कटकट गेली म्हणून. त्यांनी समजावलं की मेहनत खूप आणि खाणं कमी असलं की शरीर पाळी बंद करून ताकद वाचवतं, आणि त्यात हाडं कमकुवत होतात. वजन कमी असलं की वेळ सुधारते असं ऐकून मी रात्रीचं जेवण सोडलं होतं.

सगळ्या भरतीवाल्या मुलींना हात जोडून सांगते, पाळी चुकली तर ती कटकट गेली असं समजू नका. अंग ओरडून सांगत असतं. मी दहा आठवडे धावले नाही. आता रात्री दोन भाकरी, डाळ, दूध, शेंगदाणे. पाळी परत सुरू झाली त्या दिवशी मी आईला फोन करून रडले. ती भरती चुकली, पण पुढच्या जागा निघतील तेव्हा मी ग्राउंडवर असेन.

जळगाव, फिजिओथेरपिस्ट

नंदुरबारच्या ताईंचं वाचून लगेच लिहायला बसले. एका बोटाने दाखवता येणारं हाडाचं दुखणं, आणि रात्री झोपेत दुखणं, ही दोन्ही थांबायचीच लक्षणं. त्यात ‘सहन कर’ला जागा नाही.

स्नायूंचं दुखणं वेगळं असतं. नवा व्यायाम केला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या सारख्या ठणकतात, जिना उतरताना जाणवतं, थोडं हललं की सैल पडतं. त्याला घाबरू नका, त्यावर हलकं काम चालतं. जुन्या गुडघ्याच्या, खांद्याच्या पेशंटला मी एकच मोजमाप देते. व्यायाम करताना दुखणं १० पैकी ३-४ पर्यंत गेलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहिल्या जागी परतलं पाहिजे. परतलं नाही तर वजन किंवा सेट कमी. निर्णय दुसऱ्या दिवशीच्या सकाळी होतो, जिममध्ये नाही. कमरेबरोबर पायात बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा गेला, छातीत दाब आला, तर मात्र मोजत बसायचं नाही, थेट दवाखाना.

उन्हाळ्यातली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जळगावचा मे तुम्हाला माहीत आहे, पारा ४५ च्या पुढे जातो. सहा महिने काही न केलेल्या एका मुलाने मित्रांच्या पैजेवर ५०० बैठका मारल्या. तिसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या आणि लघवी काळ्या चहासारखी. स्नायू इतके तुटले होते की त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तातून मूत्रपिंडात उतरलं होतं. चार दिवस सलाइनवर काढले, मूत्रपिंड वाचलं. लघवीचा रंग तसा दिसला तर पाणी पिऊन वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

भुसावळचे दादा म्हणतात ती रीत आमच्या क्षेत्रातही जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी १९४५ मध्ये हळूहळू वजन वाढवायची पद्धत मांडली. १९७९ मध्ये केनेथ नाइट यांनी गुडघ्याच्या पेशंटसाठी तिला लवचीक केलं. पहिला सेट निम्म्या वजनाने, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण वजनाने जमतील तितके. तिसऱ्यात ५ ते ७ जमले तर वजन तेच, जास्त जमले तर चौथ्याला वाढवा, फारच कमी जमले तर उतरवा. आजचं वजन आजचा पायच ठरवतो. मी हे अजून वापरते.

जळगाव, वय ३३

माझे वडील मार्केट यार्डात ३१ वर्षं हमाल होते. जिमबिम त्यांना माहीत नाही. पण वरचं सगळं वाचून दाखवलं तेव्हा म्हणाले, ‘यात नवं काय? पहिलं पोतं सांगतं.’

दिवसाचं पहिलं पोतं ते कधीच घाईने घेत नसत. आकडा लावायचा, पाठीवर घ्यायचं, आणि ट्रकच्या फळीवर पाय ठेवायच्या आधी जमिनीवर चार पावलं चालून बघायची. गुडघा थरथरला तर त्या दिवशी फळीवर चढायचं काम दुसऱ्याला, आपण खाली थप्पीला. टोळीत हे सगळ्यांना मान्य होतं, कारण फळीवरून एक घसरला तर चौघांचा दिवस बुडतो.

तेव्हा पोतं १०० किलोचं होतं. पुढे ५० किलोची आली. मी विचारलं, मग तुमचे गुडघे का गेले? ते बराच वेळ गप्प होते. हमाली नगावर. लग्नसराईत, दिवाळीच्या तोंडावर माल पडलेला असायचा. ‘पोतं सांगत होतं, मी ऐकत पण होतो, पण घरात सहा माणसं खाणारी.’ एवढंच म्हणाले.

हे मला इथे लिहावंसं वाटलं. आपण हौसेने उचलतो, म्हणून थांबू शकतो. मी आता रिकाम्या बारनेसुद्धा पहिला सेट डोळे मिटून करतो. खांदा कुठे अडकतो, श्वास कधी तुटतो, ते बघतो. घरी गेल्यावर ते विचारतात, ‘आज पहिलं पोतं कसं होतं?’

शिरपूर, वय ५६, शिक्षिका

पाळी गेल्यावर हाडांची तपासणी केली, घनता कमी निघाली. डॉक्टर म्हणाले, चालणं पुरेसं नाही, वजन उचला. मी आयुष्यात पाण्याच्या हंड्याशिवाय काही उचललं नव्हतं. खुर्चीवरून हात न टेकता उठण्यापासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी ४ वेळा. मग छातीशी पाच लिटरचा तेलाचा कॅन धरून. आज दीड वर्षाने २४ किलोची केटलबेल (वर मूठ असलेला लोखंडी गोळा) जमिनीवरून उचलते.

माझं ऐकण्याचं साधन म्हणजे सकाळची नाडी. अंथरुणातच एक मिनिट मोजते. नेहमी ६४-६६ असते. ७४ आली की त्या दिवशी निम्मंच करते. बऱ्याच वेळा दुसऱ्या दिवशी सर्दी-ताप उघड होतो. दहावीचे पेपर तपासायच्या दिवसांत तर हटकून वाढते, म्हणजे मनाचा ताणही त्यात येतो.

मैत्रिणी म्हणतात, या वयात कशाला? गुडघा सुजायचा त्या दिवसांत मी वरण-बट्टीच्या पंगतीला खाली बसत नसे. यंदा मुक्ताईनगरला जाऊन आलो तेव्हा सगळ्यांबरोबर मांडी घालून जेवले आणि हात न टेकता उठले. नवऱ्याने ते पाहिलं. बोलले काही नाहीत, पण पाहिलं.

चोपडा, वय ४१, शेतकरी

थोडक्यात लिहितो, कापसाची गाठोडी वाहायची आहेत. १६ लिटरचा पंप पाठीवर घेऊन दिवसभर फवारणी झाली की ती मेहनत वहीत मांडायचीच. मी ती मांडत नव्हतो आणि संध्याकाळी पुन्हा स्क्वॉट करायचो. पावसाळाभर गुडघे धरलेले. आता फवारणीच्या दिवशी पायांचं काही नाही, नुसतं लटकणं आणि जोर. वेचणीचे दोन महिने वजन वाढवायचा नादच सोडतो, आहे ते टिकवतो. होळीनंतर शेत मोकळं होतं, तेव्हा चढवतो. माझं वर्ष पिकासारखंच चालतं, जानेवारीपासून नाही.

धुळे, वय २७

रोजांच्या महिन्यात काय करायचं हे दोन वर्षं चुकलो. पहिल्या वर्षी इफ्तारच्या आधी रोजच्यासारखाच व्यायाम केला. पहाटेपासून पाणी नाही, चक्कर येऊन बेंचवरून उठता आलं नाही. दुसऱ्या वर्षी भीतीने महिनाभर बंदच, मग ईदनंतर ८० ची बेंच ७० वर आली. यंदा इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी, आठवड्यातून दोनच दिवस, ४ ऐवजी २ सेट, पण वजन तेच ठेवलं आणि ३ शिल्लक ठेवून थांबलो. महिना संपल्यावर ८० चे ५ निघाले. सेट कमी करा, वजन एकदम सोडू नका, एवढं माझ्या अंगाने शिकवलं. नवरात्रात नऊ दिवस उपास धरणाऱ्या आमच्या जिममधल्या भावालाही तेच सांगितलं, त्यालाही जमलं.

भुसावळ, धागाकर्ता

आबा, ताई, दादा, सगळ्यांचं दोनदा वाचलं. वहीत तीन नवे रकाने आखले आहेत: भूक, सकाळची नाडी, पहिलं पोतं. चाळीसगावच्या मित्रामुळे एक शंकाही आली की माझे ‘२ शिल्लक’ खरंच दोनच आहेत का. रविवारी रोइंगवर तपासलं. दोन म्हणालो, तीन निघाले. ठीक आहे.

आज पहाटे पाळी उतरून थेट जिमला गेलो. भूक होती. नाडी ७०, नेहमीपेक्षा ८ ने जास्त. ६० चा बार हळू आला, मुठीत मात्र धरून होता. ८० चे ५, ९० चे ५, तिथे २ शिल्लक. १०० च्या प्लेट बाजूलाच होत्या, त्या जागेवर ठेवल्या, दोन सेट लटकलो आणि आता झोपायला चाललो आहे. यावल-रावेरकडून अजून कोणी लिहिलेलं नाही. केळीचे घड वाहणाऱ्या मंडळींपैकी कोणी वाचत असेल तर संध्याकाळी उठल्यावर तुमचं वाचायला आवडेल.